गेटवर राहिलेली बाटली

१७ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात, निल्टन सांतोस स्टेडियममध्ये, अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट हिच्या ‘एराज’ दौऱ्यातला कार्यक्रम होता. सुमारे साठ हजार लोक जमले होते. त्या आठवड्यात देशाचा मोठा भाग उष्णतेच्या लाटेत होरपळत होता; दोनच दिवसांनी मिनास जेराइस राज्यातल्या अरासुआई या गावी ४४.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि ब्राझीलचा तोवरचा उच्चांक मोडला. रिओत पारा चाळिशीच्या आसपास होता, पण समुद्राकाठच्या दमट हवेमुळे शहरातल्या एका केंद्रावर उष्मा निर्देशांक, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला जाणवणारी उष्णता, ५९.३ अंशांवर गेला. दक्षिण गोलार्धातला नोव्हेंबर हा वसंताचा महिना. खरा उन्हाळा अजून यायचा होता. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांतली २३ वर्षांची एक विद्यार्थिनी कोसळली आणि त्याच रात्री रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. अतिउष्णतेने शरीर थकून हृदय आणि श्वसन बंद पडले, हे पुढे शवचिकित्सेच्या अहवालाने सांगितले. त्या एका संध्याकाळी सुमारे हजार जणांना घेरी आल्याचा अंदाज अग्निशमन दलाने दिला. गायिका गाणे थांबवून समोरच्या लोकांना पाणी द्या म्हणून विनवते आहे, ही दृश्ये मग जगभर फिरली.

या घटनेतला सर्वांत बोलका भाग दुसऱ्या दिवशी घडला. देशाचे न्यायमंत्री फ्लावियो दिनो यांनी जाहीर केले की प्रेक्षकांना पाण्याची बाटली आत नेता आली पाहिजे आणि आयोजकांनी सहज हाती लागेल असे फुकट पाणी ठेवले पाहिजे. आदल्या दिवशी गेटवर बाटल्या अडवल्या गेल्या होत्या. रिओचे महापौर एदुआर्दो पाइस यांनी पाण्याची जादा ठिकाणे, जादा रुग्णवाहिका आणि जादा मदतनीस मागितलेच, शिवाय स्टेडियमची दारे एक तास आधी उघडायला सांगितली. १८ तारखेचा कार्यक्रम २० तारखेवर गेला. ही सारी यादी एका दिवसात तयार झाली. तिच्यात नवे यंत्र नव्हते, नवे शास्त्र नव्हते, फार मोठा खर्चही नव्हता. जे उपाय शनिवारी करता आले ते शुक्रवारीही करता आले असते. उष्णतेच्या लाटेत भरलेल्या भव्य कार्यक्रमांकडे बघताना हा धागा सोडून चालणार नाही, कारण अशा ठिकाणी माणूस नुसत्या उन्हाने दगावत नाही. उन्हापासून स्वतःला वाचवण्याचे त्याचे रोजचे उपाय एकेक करून काढून घेतलेले असतात, आणि ते काढून घेणारी व्यवस्था माणसांनी आखलेली असते.

हे पटायला शरीर उष्णतेशी कसे झुंजते ते आधी पाहावे लागेल. स्वस्थ उभा असलेला माणूस साधारण शंभर वॉटची उष्णता सतत बाहेर टाकत असतो. जुन्या पिवळ्या बल्बइतकी म्हणा. साठ हजार माणसे म्हणजे साठ लाख वॉट, तेही कुणी नाचत नसताना. नाचायला, उड्या मारायला लागले की हा आकडा दुपटी-तिपटीने वाढतो. एरवी ही उष्णता अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर आणि आसपासच्या थंड वस्तूंकडे निघून जाते. गर्दीत मात्र खांद्याला खांदा लागलेला शेजारीही तितकाच तापलेला असतो. त्याची उष्णता तुमच्याकडे आणि तुमची त्याच्याकडे. स्टेडियमचा आकार वाडग्यासारखा, त्यात माणसांची भिंत, त्यामुळे वाराही तळापर्यंत पोहोचत नाही. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या, वर गेले की हवा उष्णता घेण्याऐवजी देऊ लागते. मग शरीराच्या हाती एकच साधन उरते, घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इतके प्रभावी साधन निसर्गात क्वचितच असेल. अट एकच, तो सुकला पाहिजे. हनुवटीवरून ओघळून खाली पडलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र जागच्या जागी राहते. दमट हवेत नेमके हेच होते. म्हणून नुसते ‘पारा किती’ विचारून भागत नाही. ३२ अंश हा आकडा नागपूरकराला मे महिन्यात दिलासा वाटेल. पण त्याच्या जोडीला ७० टक्के आर्द्रता असली की उष्मा निर्देशांक ४१ च्या घरात जातो, आणि तोही सावलीत मोजलेला. उघड्या उन्हात त्यावर आणखी काही अंश चढतात.

माणसाची सहनशक्ती किती, याबद्दलचे अंदाजही अलीकडे खाली आले आहेत. ओल्या फडक्याच्या तापमापकाने मोजलेले तापमान ३५ अंशांवर गेले की निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे गणित २०१० मध्ये मांडले गेले होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे तरुण, धडधाकट माणसांना प्रत्यक्ष तापमान-नियंत्रित खोलीत बसवून हे तपासले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येते. त्यापुढे शरीराचे आतले तापमान स्थिर न राहता चढत जाते. लक्षात घ्यायचे ते असे की हे लोक खोलीत घरकामाइतकीच हालचाल करत होते. ते रांगेत सहा तास उभे नव्हते आणि गाण्यावर नाचतही नव्हते.

घाम, रक्ताभिसरण, त्वचा ही झाली शरीराची आपोआप चालणारी संरक्षणे. पण उष्ण प्रदेशातले लोक हजारो वर्षे जगले ते फक्त घामाच्या जोरावर नव्हे. त्यांची खरी ढाल वागणुकीची असते. ऊन चढले की झाडाखाली जावे, तहान लागण्याआधी माठातले पाणी प्यावे, डोक्याला पंचा गुंडाळावा, दुपारी ओसरीवर पडावे, आणि अगदीच जीव घाबरा झाला तर हातातले काम टाकून घर गाठावे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला रांजण मांडून पाणपोई घालण्याची रीत आली ती यातूनच. वाटसरूला पाणी विकत घ्यावे लागू नये, एवढे शहाणपण तिच्यामागे होते. पंढरीच्या वारीत लाखो माणसे दोन-अडीच आठवडे चालतात, तीही ज्येष्ठातल्या उकाड्यापासून. पण तिथे दुपारचा विसावा ठरलेला असतो, वाटेवरच्या गावाचे पाणी ठरलेले असते, आणि ज्याला थांबायचे त्याला झाडाखाली थांबता येते. दिंडीतून बाहेर पडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता हीच ढाल स्टेडियमच्या दारात घेऊन जाऊ. बाटली काढून ठेवा. छत्री आत नेता येणार नाही. बॅग ठरावीक मापाचीच. एकदा बाहेर पडलात तर पुन्हा आत येता येणार नाही. मंचाजवळच्या मैदानावर सावली नाही, बसायला जागा नाही, आणि पुढच्या ओळीतली जागा सोडून पाणी आणायला गेलात तर ती परत मिळणार नाही. यातला प्रत्येक नियम सुटा पाहिला तर त्याला काही ना काही कारण असते. एकत्र केले की मात्र माणसाकडे घामाशिवाय काहीही उरत नाही. आणि दमट हवेत घामाचे काय होते ते वर सांगितलेच. साठ हजार प्रौढ माणसांना एरवी उमजणारे शहाणपण त्या दारात तिकिटासोबत तपासून जमा करून घेतले जाते. म्हणून ‘लोकांनी काळजी घ्यावी’ ही सूचना अशा ठिकाणी पोकळ ठरते. काळजी घेण्याची साधने ज्याने काढून घेतली त्याच्यावर त्या साधनांची भरपाई करण्याचे कर्तव्य येते. मला तरी यात जास्तीची मागणी दिसत नाही; विमानात बसवल्यावर प्रवाशाला खिडकी उघडता येत नाही, म्हणून आत हवा पुरवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते, तितकेच हे साधे आहे.

सगळ्यांत कमी चर्चा होते ती रांगेची. आयोजकांच्या हिशेबात कार्यक्रम सुरू होतो तो पहिल्या सुरावर. शरीराच्या हिशेबात तो माणूस रांगेत उभा राहिल्यापासून सुरू झालेला असतो. मैदानावर आधी येईल त्याला पुढची जागा, अशी पद्धत असली की चाहते भल्या सकाळपासून येऊन थांबतात, आणि त्यांना हे करायला भाग पाडणारी गोष्ट म्हणजे त्या तिकिटाची रचनाच. ऊन भर माथ्यावर असताना डांबरावर किंवा काँक्रीटवर उभ्या असलेल्या माणसाचा तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. साठ किलो वजनाच्या मुलीच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी कमी झाले की तिने वजनाच्या दोन टक्के पाणी गमावलेले असते. तिथून हृदयावरचा ताण वाढू लागतो, कारण तेच कमी झालेले रक्त एकीकडे त्वचेला थंड ठेवायला आणि दुसरीकडे मेंदूला पुरवायला हवे असते. त्यात बराच वेळ एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साचते. रिओत ज्यांना घेरी आली त्यांतल्या अनेकांचे कारण बहुधा हेच असणार. घेरी येऊन आडवे पडणे ही तशी शरीराने केलेली सोयच आहे. आडवे झाले की मेंदूला रक्त मिळते. पण खच्चून भरलेल्या गर्दीत आडवे पडायलाही जागा नसते. रिओच्या महापौरांनी दारे एक तास आधी उघडायला सांगितले, त्या साध्या वाटणाऱ्या सूचनेत म्हणूनच मला त्या सगळ्या आदेशांतला सर्वांत जास्त विचार दिसतो. त्यांनी रांग हाही कार्यक्रमाचाच भाग मानला.

पाण्याच्या पैशाची गोष्ट याहून जुनी आहे. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, रोम नावाच्या गावाजवळच्या बंद पडलेल्या ग्रिफिस हवाई तळावर ‘वुडस्टॉक ९९’ हा संगीत महोत्सव झाला. दोन लाखांहून अधिक लोक, विमानांसाठी बांधलेले काँक्रीटचे विस्तीर्ण पट्टे, सावलीचा जवळजवळ अभाव, ३८ अंशांच्या जवळ गेलेले तापमान, आणि पाण्याची बाटली चार डॉलरला. फुकट पाण्याच्या नळांवर रांगा लागल्या, नळ अपुरे पडले. उष्णतेने एका तरुणाचा जीव गेला आणि शेवटच्या रात्री महोत्सवाचे रूपांतर जाळपोळीत झाले. जाळपोळीची कारणे अनेक सांगितली जातात आणि ती सगळी पाण्याच्या दरात कोंबणे योग्य होणार नाही. पण तहानलेल्या माणसाला गेटच्या आत कोंडून त्याला पाणी विकणे हा धंदा आहे आणि तो जगात सगळीकडे चालतो, हे त्या महोत्सवाने उघडे पाडले. याउलट इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाने २०१९ पासून प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या पाणीबाटल्यांची विक्रीच बंद केली; लोक आपली बाटली घरून आणतात आणि जागोजागच्या नळांवर फुकट भरून घेतात. तिथे कारण पर्यावरणाचे दिले गेले. शरीराला कारणाशी देणेघेणे नसते, पाणी मिळाले म्हणजे झाले.

हा विषय परदेशी गायिकांच्या चाहत्यांपुरता आहे असे वाटत असेल तर १६ एप्रिल २०२३ ची खारघरची दुपार आठवावी. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, आले होते, कित्येक जण आदल्या रात्रीपासून. मंचावर छत होते, समोरच्या मैदानावर नव्हते. जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंश होते. विदर्भातल्या माणसाने ज्याकडे ढुंकूनही पाहिले नसते असा हा आकडा. कार्यक्रम दुपारी एकच्या सुमारास संपला आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तिथे तिकीट नव्हते, बाउन्सर नव्हते, नफ्याचा प्रश्न नव्हता; होती ती श्रद्धा आणि शिस्त. पण शरीराच्या दृष्टीने परिस्थिती तीच होती. कार्यक्रम सुरू असताना उठून जाणे श्रद्धाळू माणसाला जितके जड, तितकेच दहा हजारांचे तिकीट काढून पुढची जागा मिळवलेल्या चाहत्याला. खारघरनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे इथेही धडा मिळाला तो घड्याळाचा.

या म्हणण्यावर आक्षेप येतात आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की संगीताचे कार्यक्रम संध्याकाळी असतात, ऊन उतरलेले असते, मग एवढा बाऊ कशाला. रिओची घटना संध्याकाळचीच होती. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, आणि किनाऱ्यावरच्या शहरात सूर्य मावळल्यावर तापमान थोडे उतरले तरी आर्द्रतेची टक्केवारी वर जाते. घाम सुकण्याची अडचण तशीच राहते. शिवाय संध्याकाळी सातला मंचासमोर उभा असलेला माणूस सकाळपासून पाणी गमावत आलेला असतो. सूर्यास्ताने ते पाणी परत येत नाही. वेळ संध्याकाळची ठेवणे चांगलेच, पण दारे दुपारी तीनला उघडणार असतील आणि जागा ठरलेली नसेल, तर तो कार्यक्रम शरीरासाठी दुपारचाच.

दुसरा आक्षेप तरुणाईचा: बहुतेक प्रेक्षक विशी-पंचविशीतले, त्यांना काय होते? म्हाताऱ्यांना उष्णतेचा धोका जास्त हे खरेच आहे. पण तरुणांचा धोका वेगळ्या वाटेने येतो. ते थांबत नाहीत. उत्साहाच्या भरात तहान, डोकेदुखी, मळमळ या शरीराच्या हाका ऐकू येत नाहीत. कुणी मद्य घेतलेले असते, कुणी पाण्याला पैसे घालवण्यापेक्षा तहान मारलेली असते, कुणी मुद्दाम कमी पाणी पितो कारण स्वच्छतागृहाची रांग आणखी एक तासाची. (स्त्रियांच्या बाबतीत हे शेवटचे कारण फार मोठे आहे आणि आयोजकांच्या आराखड्यात ते क्वचितच दिसते.) तरुण आणि तगड्या माणसांचे काय होते हे सर्वांत आधी सैन्याने ओळखले. अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड इथल्या प्रशिक्षण तळावर रंगरूट उष्णतेने आडवे होत, म्हणून १९५० च्या दशकात तिथे तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक वापरात आला. त्या निर्देशांकाने साधारण ३२ अंश ओलांडले की काळे निशाण चढते आणि कष्टाची कवायत थांबते. निवडून घेतलेल्या, कणखर जवानांच्या बाबतीतही ‘ज्याचे त्याने बघावे’ असे सैन्य म्हणत नाही. मग हौसेने आलेल्या कॉलेजातल्या मुलामुलींबाबत ते म्हणायचे कुठल्या तोंडाने?

बाटलीबंदीचे समर्थन सुरक्षेच्या नावाने होते. भरलेली बाटली मंचावर किंवा मैदानात भिरकावली तर इजा होते, आणि क्रिकेटच्या मैदानांचा इतिहास पाहिलेल्या कुणालाही ही भीती खोटी वाटणार नाही. पण या भीतीचे उत्तर पाणी बंद करणे हे नाही. टोपण काढून बाटली द्यावी, मऊ पाऊच द्यावेत, कागदी पेल्यांनी पाणी वाटावे, नळ लावावेत. दिनो यांच्या आदेशाने बाटली आत सोडली ती इजा होणार नाही अशा वस्तूची असावी या अटीवरच. मुळात आतल्या दुकानात तेच पाणी विकले जात असेल, तर धोका बाटलीत आहे की घरून आणलेल्या बाटलीत, हा प्रश्न आयोजकांना विचारायला हरकत नाही. अर्थात नुसते पाणी ढोसत राहणे हाही उपाय नव्हे. घामाबरोबर मीठ जाते, आणि तासन् तास फक्त पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरून वेगळेच संकट उभे राहू शकते. लिंबूसरबत, ताक, पन्हे यांत मीठ घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे माहीत होते.

‘आपल्याला सवय आहे’ हा खास आपला आक्षेप. एप्रिल-मे महिन्यांत आयपीएलचे सामने भरतातच की. सवयीत तथ्य आहे. उष्णतेला सरावायला शरीराला सात ते चौदा दिवस लागतात, आणि सरावलेल्या माणसाला घाम लवकर व भरपूर येतो, त्यातले मीठही कमी होते. पण सवय लागते ती शेतात, रस्त्यावर, गिरणीत राबणाऱ्याला. वातानुकूलित कार्यालयातून थेट मैदानावर आलेल्याला नाही. गार हवेच्या गावाहून गाडीने किनाऱ्यावर उतरलेल्याला तर मुळीच नाही. आणि सवय कितीही असली तरी ती घाम वाढवते, दमट हवेला कोरडी करत नाही. खारघरला आलेले बहुसंख्य लोक याच राज्यातले, इथल्याच उन्हात वाढलेले होते.

पैशाचा आक्षेप मी शेवटी ठेवला कारण तो खरा अवघड आहे. एक मोठा कार्यक्रम रद्द करणे म्हणजे शेकडो कामगारांची मजुरी, वाहतूक, हॉटेले, दुसऱ्या शहरातली पुढची तारीख, सगळेच कोलमडणे. शिवाय लोक लांबून आलेले असतात; रिओतला दुसरा कार्यक्रम ऐनवेळी पुढे गेला तेव्हा चाहते उन्हात पोहोचलेले होते, आणि त्या निर्णयाने त्यांच्यावरही अन्याय झालाच. म्हणूनच रद्द करणे हे सर्वांत बोथट हत्यार आहे असे मला वाटते. त्याच्या आधी कितीतरी धारदार हत्यारे हातात असतात. कतारमधली २०२२ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा उन्हाळ्यातून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात नेली गेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळाचे वेळापत्रक हलू शकते तर कुणाचेही हलेल. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तर उष्णतेच्या भीतीने आठशे किलोमीटर उत्तरेला सप्पोरोला हलवली होती. तिथेही ऑगस्ट २०२१ मध्ये उकाडा वाढल्यावर महिलांची शर्यत सकाळी सातऐवजी सहाला सुरू करायचे आदल्या संध्याकाळी ठरले. एक तास! स्पर्धा झाली, प्रक्षेपण झाले, पदके वाटली गेली. क्रमांक दिलेली जागा, सावलीतली रांग, दर काही अंतरावर फुकट पाणी, पुन्हा आत येण्याची मुभा, मध्ये पंधरा मिनिटांचा विसावा, या गोष्टींनी कार्यक्रमाच्या नफ्यातला काही भाग जाईल हे मान्य. पण कार्यक्रम जात नाही.

आपल्याकडच्या मोठ्या मैफली हिवाळा धरूनच होत आल्या आहेत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो, कोल्डप्लेचे नवी मुंबईतले कार्यक्रम २०२५ च्या जानेवारीत झाले. पण जागतिक दौऱ्यांचे वेळापत्रक आपल्या ऋतूंना विचारून ठरत नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचा लोलापालुझा महोत्सव जानेवारीत भरत असे, तो २०२५ मध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. कोकण किनाऱ्यावर मार्च म्हणजे उन्हाळाच. अशा कार्यक्रमांची संख्या वाढत जाणार हे उघड आहे, आणि वाढावीही. शहरातल्या तरुणांना एकत्र गाण्यासाठी जागा हव्यातच.

वेळ, पाणी, सावली यांची एवढी सोय करूनही कुणी ना कुणी कोसळेलच, आणि तिथे मिनिटे मोजावी लागतात. शरीराचे आतले तापमान ४० अंशांवर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघात; अंगाला घाम असला तरी. त्याला रुग्णवाहिकेत घालून वाहतुकीतून पळवण्याआधी जागच्या जागी थंड करायचे असते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ इथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिच्या अठरा वर्षांतल्या २७४ उष्माघाताच्या रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीच्या शेवटी तंबूत ठेवलेल्या बर्फाच्या पाण्याच्या टबांत त्यांना तातडीने बुडवले गेले होते, आणि २७४ पैकी एकही दगावला नाही. प्लॅस्टिकचा टब, बर्फ, ताप मोजणारा माणूस. लाखो रुपयांच्या प्रकाशयोजनेशेजारी हा खर्च मांडून पाहावा. अडचण टबाची नसतेच; कोसळलेल्या माणसाला मंचासमोरच्या गर्दीतून त्या टबापर्यंत अर्ध्या तासाच्या आत आणता येईल अशी वाट मैदान आखतानाच सोडली आहे का, ही असते.

आणि निर्णय कुणी, कधी घ्यायचा हे आधी कागदावर हवे, कारण साठ हजार लोक दारात उभे असताना ‘थांबवा’ म्हणण्याची हिंमत कुणातच उरत नाही. रिओने जून २०२४ मध्ये असा कागद केला. शहरासाठी उष्णतेचे पाच टप्पे ठरवले; चौथा टप्पा ४० ते ४४ अंशांच्या उष्मा निर्देशांकाला, पाचवा त्याच्यावर, आणि वरच्या टप्प्यांत मोठे कार्यक्रम पुढे ढकलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार महापालिकेकडे. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी पारा ४४ अंशांवर गेला तेव्हा चौथा टप्पा पहिल्यांदाच जाहीर झाला. २०२३ च्या त्या शुक्रवारी नोंदलेला निर्देशांक या तक्त्यावर ठेवला तर पाचव्या टप्प्याच्या सुरुवातीच्याही पंधरा अंश वर जातो. त्या दिवशी असा तक्ता नव्हता. गेटवरच्या माणसाकडे आत न सोडायच्या वस्तूंची यादी मात्र होती.